देशबिश काही राहिलं नाही, मग पोरीनं राज्यशास्त्र कशाला घ्यायचं?

नमस्कार काका,

तुमची मेल वाचली. मुलगी एसवायबीएला आहे, पुढे राज्यशास्त्रात एमए करायचं म्हणते, आणि तुम्ही चाकणला परदेशी कंपनीत नोकरी काढलेली, त्यामुळे तुमचं म्हणणं की आता देश फक्त नकाशात उरलेत, जग कंपन्याच चालवतात, मग हे शिकून पोरगी करणार काय. १९९५ला डब्ल्यूटीओ, म्हणजे देशांमधल्या व्यापाराचे नियम ठरवणारी जागतिक संघटना, आली तेव्हा भल्याभल्यांना असंच वाटायचं.

पण चाकणचंच बघा ना. तिथं कांद्याचं मार्केट पण आहे. डिसेंबर २०२३ला दिल्लीहून एक नोटिफिकेशन निघालं आणि कांद्याची निर्यात बंद, उठली ती मे २०२४ला. इथं माल आहे, बाहेर गिऱ्हाईक आहे, पण मधे सरकार उभं! आणि स्टीलचे नट-बोल्ट युरोपला पाठवणाऱ्या कोणाला पण विचारा, ऑक्टोबर २०२३पासून ते बनवताना किती कार्बन सोडला याचा हिशोब तिकडे द्यावा लागतो, २०२६पासूनच्या मालावर तर पैसे पण मोजायचेत. भट्टी आपल्या एमआयडीसीत, नियम ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपियन युनियनचा. तिकडे २७ देशांनी मिळून बरेच अधिकार वर सोपवलेत, ब्रिटननं २०२०ला बाहेर पडून आपले परत घेतले, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर आपल्या हडपसरची लस पण बाहेर जायची थांबली होती. सरकारं कुठं गेली नाहीत हो, फक्त कुठे हात आखडायचा आणि कुठे घालायचा ते बदललं.

म्हणून एमए करू दे, पण नुसतं एमए नको, ते मी तिला पण सांगेन. रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन नाहीतर फ्रेंच सुरू करा आत्ताच, सोबत व्यापार कायद्याचा एखादा कोर्स, थोडं अर्थशास्त्र. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना, त्यांच्या कन्सल्टंटना असे कागद वाचून समजावणारं माणूस लागतं. यूपीएससी आहेच, पण सगळी अंडी त्या टोपलीत नकोत. सुरुवातीचा पगार तुमच्या इंजिनियर भाच्यापेक्षा कमी असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

एक करा, ते कांद्याचं नोटिफिकेशन डीजीएफटीच्या, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, साइटवर आहे, दीड-दोन पानांचं असेल, तिला वाचायला द्या आणि संध्याकाळी चहाला तुम्हाला मराठीत समजावून सांगायला लावा. तिला मजा आली का तेवढं बघा. मग दोघं या ऑफिसला, शनिवारी सकाळी मी असतो.