राखणीला बसलेलं मन

"पूर्वी रात्र रात्र वाचायचे, आता एक पान धड वाचून होत नाही. माझ्या डोक्याला काही झालंय का हो?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी, चाळिशीच्या आगेमागे असलेली माणसं हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. खात्यांतर्गत परीक्षेला बसणारे कारकून, उशिरा एम. ए.ला नाव घातलेल्या गृहिणी, एका अहवालाच्या पहिल्या परिच्छेदावर तीन तास अडकलेले ग्रामसेवक. बहुतेकांनी निदान स्वतःच करून आणलेलं असतं: आळस, वय, नाहीतर मोबाईल. या तिन्हींतलं एकही कारण जिथे नव्हतं, अशा एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणते.

परतीच्या पावसाचे दिवस होते. शनिवारची सकाळची शाळा आटोपून बाई देवगड तालुक्यातून एसटीने कणकवलीला आल्या. वय ४४, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत नोकरी. पिशवीतून त्यांनी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पहिली चाळीसेक पानं हाताळून मऊ पडली होती, पुढची सगळी कोरी करकरीत. "तीन आठवडे हीच पानं वाचतेय," त्या म्हणाल्या. "वाचते, मिटते, काही आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून."

त्या शिक्षणसेवक म्हणून लागल्या तेव्हा टीईटी नव्हतीच. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३ साली. पण १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची. बाईंच्या निवृत्तीला १४ वर्षं होती. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गातून उत्तीर्ण व्हायला ९० गुण. हे आकडे त्यांनी मला पाढ्यासारखे म्हणून दाखवले. ते मात्र पक्के लक्षात राहिले होते.

लिहिणंही सुटलं होतं. शाळेतल्या मुलांचं हस्तलिखित दर वर्षी बाईच काढायच्या, मुलांच्या कविता सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, कडेने वेलबुट्टी काढायच्या. यंदा दोन ओळी लिहून वही कपाटात गेली ती गेलीच. एवढं सांगून झाल्यावर त्यांच्या तोंडून घरातली भाषा आली, "माका वाटता, माझो मेंदूच गंजलो."

अशा वेळी धीराचे दोन शब्द सांगण्याआधी मी एक गोष्ट विचारते: हे केव्हापासून? उत्तरावर पुढचं बरंच ठरतं. लहानपणापासून शाळेत लक्ष लागत नव्हतं, वस्तू हरवायच्या, हातात घेतलेलं काम अर्धवट राहायचं, असं असेल तर एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकू न देणाऱ्या चंचलतेच्या विकाराचा, विचार करावा लागतो. तो मुलांचाच आजार आहे असं समजू नये. मोठेपणीही तो राहतो आणि अनेकांच्या बाबतीत मोठेपणीच पहिल्यांदा ओळखला जातो. पण त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावी लागतात, आणि त्याचं निदान मानसोपचारतज्ज्ञच करतात. मोबाईलवरची दहा प्रश्नांची चाचणी नव्हे. बाई तर वर्गात पहिल्या येणाऱ्या. त्यांचा त्रास सव्वा वर्षापूर्वी सुरू झालेला. चांगलं चालणारं लक्ष मोठेपणी अचानक ढळलं की आधी शरीराकडे बघायचं. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड, साखर, बी-१२ ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र ९.४. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. थकवा, धाप लागणं, डोकं जड होणं, कशात लक्ष न लागणं हे सगळं त्यातून येऊ शकतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरच दिसली होती. वाचून दाखवा म्हटल्यावर बाईंनी पुस्तक हातभर लांब धरलं आणि खुर्ची खिडकीकडे सरकवली. चष्मा चार वर्षांपूर्वीचा. चाळिशी एकदा लागली की नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढत जातो, आणि अक्षर लावण्यातच दमलेलं डोकं अर्थापर्यंत पोचत नाही. कितीजणांचं 'लक्ष लागत नाही' हे मुळात 'नीट दिसत नाही' असतं! नवा चष्मा आठवड्यात आला.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर लक्ष न लागणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. तेही मी तपासलं. बाई हसत होत्या, जेवत होत्या, वर्गात रमत होत्या. (वाचणाऱ्यांपैकी कोणाला तसं वाटत असेल किंवा जगणं नको झालं असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन करायला अजिबात संकोच करू नका.)

मग आला तो कागद. मी बाईंना दहा मिनिटं माझ्या बाहेरच्या खोलीत वाचत बसवलं आणि सांगितलं, मन पुस्तकातून उठलं की कागदावर एक रेघ मारायची आणि ते कुठे गेलं ते एका शब्दात लिहायचं. मनाला ओढून आणायचं नाही, फक्त नोंद. दहा मिनिटांत तीन रेघा. हेच घरी रात्री जेवणं आटोपल्यावर करून आणा म्हटलं. पुढच्या शनिवारी घडी घातलेला कागद माझ्यासमोर उघडला, तर त्यावर अकरा रेघा होत्या. 'पोषण आहार माहिती', 'केंद्रप्रमुख', 'सिलिंडर', 'धाकट्याची फी' हे एकेकदा. उरलेल्या सात ठिकाणी: 'काठीचा आवाज', 'खोकले', 'दार?', 'खोकले', 'उठले काय', 'लादी ओली', 'आवाज नाही'.

शेवटची नोंद मी दोनदा वाचली. आवाज आला म्हणून मन उठत होतं, आणि आवाज आला नाही म्हणूनही उठत होतं.

आधल्या वर्षीच्या पावसात बाईंचे सासरे रात्री न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता ते काठीने चालतात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरची माहिती म्हणून. मी विचारलं, "ते पडले तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

बाई बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हस्तलिखित लिहीत होते. ओटीवर. इतकी रंगून गेले होते की त्यांनी हाक मारलेली मला ऐकूच आली नाही. अर्धा तास ते तिथे पडून होते."

बाईंच्या डोक्याला गंज चढला नव्हता. ते रात्रंदिवस राखणीला बसलं होतं. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला माणूस पोथी वाचू शकतो का? ओळीवरून डोळे फिरतील, कान पाचोळ्याकडे. बाहेर ढगांचा गडगडाट चालू असताना गाढ झोपलेली बाळंतीण बाळाच्या एका कुरकुरीने जागी होते, तसंच हे. लक्ष द्यायची ताकद मर्यादित असते. वाचताना वाक्याची सुरुवात शेवट येईपर्यंत मनात धरून ठेवावी लागते, आणि त्यातला अर्धा वाटा कानाने घेतला की वाक्य हातातून निसटतं. बाईंच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. पुस्तकात रंगणं म्हणजे घरात कोणीतरी पडणं, असं त्यांच्या मनाने त्या रात्री धरून ठेवलं होतं. म्हणून जरा गोडी लागायला आली की तेच मन त्यांना हलवून उठवायचं. अशा माणसाला 'एकाग्रता वाढवा' असं सांगणं म्हणजे राखणदाराला झोप म्हणण्यासारखं आहे. तो झोपणार नाही; आधी त्याच्या जागी दुसरा कोणीतरी बसवावा लागतो.

पुढच्या खेपेला मी बाईंच्या यजमानांना बोलावलं. आंब्याचे बागायतदार, कमी बोलणारे. कागद त्यांनी हातात घेऊन सावकाश वाचला. मी बाईंच्या मनातलं ओझं काय आहे ते सांगितलं, तेव्हा ते बायकोकडे न बघता म्हणाले, "त्या रात्री मी पण घरातच होतंय. माका तरी खंय आयकाक इला?"

बाई पहिल्यांदा रडल्या. चार बैठकांत मी जे समजावत होते, त्याहून हे एक वाक्य जास्त कामाला आलं, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. सव्वा वर्ष त्या घरात या विषयावर कोणी बोललंच नव्हतं. कोणी दोष दिला नव्हता, आणि दोष नाही असंही कोणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतरची कामं साधी होती. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा आणि खाली रबरी चटई. सासऱ्यांच्या उशाशी बिनतारी बेलचं बटण, घंटा यजमानांच्या खाटेजवळ. सोमवार ते शुक्रवार रात्री उठायचं काम त्यांचं. पहिले आठ दिवस बाई तरीही जाग्याच राहिल्या. पहारा एका दिवसात उठत नाही, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

वाचायची जागाही बदलली. शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत बाईंना अर्धा तास मिळायचा, तो त्या थांब्यावर फोनवर माहिती भरत घालवायच्या. आता त्या रिकाम्या वर्गात बसू लागल्या. फोन कपाटात, ग्रुपचे आवाज बंद, पण घरचा नंबर आला तर वाजेल अशी सोय. ही सोय मी मुद्दाम ठेवायला लावली. फोन पूर्ण बंद केला असता तर कान पुन्हा घराकडेच लागला असता.

आणि पद्धत. तीच चाळीस पानं पुन्हा पुन्हा वाचणं आधी थांबवलं. दोन पानं वाचायची, पुस्तक पालथं घालायचं आणि आठवेल ते पाच वाक्यांत लिहायचं; मग उघडून चुकलेलं बघायचं. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. बाईंना यातली मेख लगेच कळली. "आम्ही मुलांना पाटी झाकून पाढा म्हणायला लावतो, तेच!" शिवाय या पाच वाक्यांमुळे लिहिण्याची भीतीही हळूहळू कमी झाली. पहिल्या दिवशी दोनच वाक्यं आली, तीही खोडून. मी म्हटलं, खोडलेलीही मोजा.

मोहोराच्या दिवसांत यजमान पहाटेच फवारणीला जायचे आणि रात्री मेल्यासारखे झोपायचे. तेव्हा ही घडी विस्कटली. बाईंच्या रेघा पुन्हा नऊवर गेल्या. मुंबईच्या धाकट्या दिरांशी बोलणं झालं आणि ते दीर सुट्टी घेऊन दहा दिवस घरी येऊन राहिले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. या कामात असं मागेपुढे होतंच. त्याला मी अपयश समजत नाही.

हिमोग्लोबिन आता ११ च्या वर आहे. पंचवीस मिनिटांत रेघा चार-पाच पडतात, आणि हल्ली त्यांतली एखादी 'एसटी' असते. एकदा ती खरंच चुकली. हस्तलिखिताची वही कपाटातून निघाली आहे, पण रात्री ओटीवर बसून लिहायला बाई अजून तयार नाहीत, आणि मीही आग्रह करत नाही. बालमानसशास्त्र आणि मराठीचा भाग वाचून झालाय. गणिताचे ३० गुण अजून तसेच आहेत. येत्या शनिवारी येताना त्या गणिताची वही घेऊन येणार आहेत.