साल चुकलं तरी खोडू नकोस

तुझं पत्र मिळालं. आजोबा संपाचं साल एक सांगतात, कागदावर दुसरंच आहे, मग मुलाखत उतरवून काढताना कोणतं लिहू, असं विचारतोस. ते बोलले तेच लिही. तफावत खाली टीपेत दे, स्वतःच्या नावाने. त्यांच्या तोंडी घालू नकोस.

इटलीतल्या तेर्नीत लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला. मोर्चा नाटोविरोधी होता. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तर कित्येकांनी तो १९५३च्या कामगारकपातीच्या वेळी मेला असं सांगितलं. खरी तारीख पोर्तेल्लींना ठाऊक होतीच. त्यांनी खोडाखोड केली नाही, साल सरकलं का ते शोधलं. कपातीच्या वेळी गाव रस्त्यावर उतरून झुंजलं होतं. मुकाट गिळावं लागलेलं मरण लोकांनी त्या झुंजीत नेऊन ठेवलं होतं. दुरुस्त केलं असतं तर हे कुठे सापडलं असतं?

कागदांचंही तेच. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडलास की आधी आतल्या कागदांचा क्रम टिपून ठेव, पेन्सिलीने. तारीखवार लावू, शोधायला सोपं जाईल, असं सांगणारे भेटतील. कर्जाच्या हिशेबात खोचलेली लग्नपत्रिका एकदा पत्रिकांच्या गठ्ठ्यात गेली, की ते कर्ज कशापायी काढलं हे कोण सांगणार? यावरून मी एका संस्थेत इतका भांडलो की मला बैठकीला बोलावणंच बंद झालं. हेकट म्हणतात मला. म्हणोत. तो क्रम मोडला नसता तर आज चार प्रश्नांची उत्तरं तरी मिळाली असती.

गंजक्या टाचण्या जपून काढ, लॅमिनेशन करू नकोस, मूळ ध्वनिफीत न कापता दोन ठिकाणी ठेव. हे तुला माहीत असेल.

पण आजोबा विषय सोडून बोलायला लागले म्हणून रेकॉर्डर बंद केलास, हे वाचून चिडलो. बाबा रे, विषय तू ठरवलेला होतास, त्यांनी नव्हे! माझ्या यादीतली कितीतरी माणसं मी पोचायच्या आधीच गेली. तेव्हा घाई कर, पण ती जाण्याची. ऐकताना नको, आणि दुरुस्तीची तर मुळीच नको.

या आठवड्यातच परत जा. परवानगीच्या कागदावर सही घेतलीस का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. कोणता भाग आत्ता खुला करायचा आणि कोणता आपल्या पश्चात, हे आजोबांनाच ठरवू दे.