ताईच्या लग्नाची डीव्हीडी मधातच अडते

प्रश्न : दादा, माझ्या लॅपटॉपवर उबंटू आहे आणि डीव्हीडीसाठी यूएसबीचा बाहेरचा रायटर. ताईच्या २००८ च्या लग्नाची डीव्हीडी टाकली तर फाईली सगळ्या दिसून राहिल्या, पण कॉपी करायला घेतली की अर्ध्यावर ड्राइव्ह घरघर करत बसतो अन् शेवटी इनपुट-आउटपुट एरर येतो. दहा-बारा वेळा करून पाहिलं. मित्र म्हणतो लिनक्समुळे होऊन राहिलं, विंडोज टाक. काय करू? त्यात आमची आजी आहे, आई रोज विचारते.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी ती डीव्हीडी बाहेर काढ, आणि आणखी एकदा करून पाहू म्हणून परत टाकू नको. विंडोज टाकून काही होणार नाही, कारण वाचता येत नाही असं ड्राइव्हच सांगतो, लिनक्स फक्त तो निरोप तुझ्यापर्यंत पोचवतं.

फाईली दिसतात आणि कॉपी होत नाही, ह्याचं कारण असं की डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. फाईलींची यादी सुरुवातीलाच, म्हणजे मधल्या छिद्राजवळ असते, ती वाचली गेली, आणि खराबी बहुतेक बाहेरच्या कडेकडे आहे जिथे आपली बोटं लागतात. खिडकीपाशी तिरपी धरून बघ, कडेला धुरकट पट्टा दिसतो का. आपल्याकडे ह्या डिस्क स्लॅबखालच्या कपाटावर पडून असतात, मे महिन्यात ४५ डिग्री आणि वरून कूलरची ओल, त्यात राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर खराब होत जातो. पुसायची तर मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुस, गोल गोल अजिबात नाही, गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि सलग डेटा खातो, मग एरर करेक्शनलाही, म्हणजे ड्राइव्हच्या चुका दुरुस्त करायच्या सोयीलाही, तो भरून काढता येत नाही. टूथपेस्ट वगैरे तर लावूच नको.

आता दोष डिस्कचा की ड्राइव्हचा ते बघ. दुसरी एखादी चांगली डीव्हीडी टाकून बघ, आणि टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज (sudo dmesg) मार, ही कमांड सिस्टिमचे निरोप दाखवते. मीडियम एरर, अनरिकव्हर्ड रीड एरर आणि पुढे एसआर० चा, म्हणजे तुझ्या डीव्हीडी ड्राइव्हचा, सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) नंबर दिसला तर दोष डिस्कचा नाहीतर ड्राइव्हच्या लेन्सचा. पण यूएसबी डिस्कनेक्ट किंवा रीसेटच्या ओळी दिसल्या तर ड्राइव्हला करंट पुरत नाहीये, हब काढ, थेट लॅपटॉपला लाव, दोन यूएसबी पिनांची केबल असेल तर दोन्ही लाव. हे खूप जण बघतच नाहीत आणि चांगला ड्राइव्ह फेकून देतात.

डिस्कच असेल तर फाईल कॉपी करायचीच नाही, पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, काढायची. त्यासाठीच्या प्रोग्रामच्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू (gddrescue), कमांड मात्र डीडीरेस्क्यू (ddrescue). फाईल मॅनेजरमधून डिस्क अनमाउंट कर पण इजेक्ट करू नको, मग ब्लॉक साईझ २०४८ देऊन पहिली फेरी मायनस एन (-n) लावून चालव, म्हणजे तो खराब जागी हटून बसत नाही, चांगलं तेवढं आधी उचलतो. दुसऱ्या फेरीत मायनस एनच्या जागी मायनस डी आणि मायनस आर३ (-d -r3), म्हणजे थेट ड्राइव्हमधून वाचायचं आणि खराब जागी तीनदा परत प्रयत्न करायचा. दोन्ही वेळी इमेज तीच आणि मॅप फाईलही तीच दे, काय वाचून झालं आणि काय राहिलं ते त्या मॅप फाईलमध्ये असतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की काही तुकडे राहिलेच तर इमेज आणि मॅप फाईल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर जा, मित्राचा जुना डेस्कटॉप असला तरी चालेल, फक्त त्यावर लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू कर. तिथे फक्त राहिलेलेच तुकडे वाचले जातात आणि एका लेन्सला जे दिसलं नाही ते दुसरीला पुष्कळदा दिसतं. एकेका सेक्टरवर वेळ लागतो, रात्रभर लावून ठेव, घरघर ऐकून घाबरून बंद करू नको.

एवढं करूनही थोडे तुकडे गेले तरी तिथे चित्र क्षणभर फाटतं आणि बहुतेक वेळा पुढे चालू राहतं. इमेज थेट व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडते. आजीचा भाग निघाला का ते आधी बघ आणि मला कळव.