मुंबईत चारकोपच्या रो हाऊसमागे 8 बाय 6 फुटांची पत्र्याची शेड उभी करायची आहे. सिमेंटच्या ब्लॉकवर पाया चालेल का? कसा घालावा? व्हिडिओंत तसा पाया पाहिलाय. शेजाऱ्यांकडे उरलेले सिपोरेक्स (भिंतीचे हलके, सच्छिद्र ब्लॉक) फुकट मिळतायत, माझ्याकडे थोडे पेव्हर ब्लॉकही उरलेत, ते वापरू का? आणि परवानगी लागते का?

चालेल. पण तुम्ही पाहिलेले व्हिडिओ थंड देशांतले आहेत. तिथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, जमीन फुगून वर येते, म्हणून ती मंडळी सारखी त्याच काळजीत असतात. आपल्याकडे ते दुखणंच नाही. आपल्याला बघायचं ते वारा, पाऊस, वाळवी आणि घूस.

आधी वजनाची भीती काढून टाका. शेड आणि आतलं सामान धरून आठशे किलो होतील. नऊ ठिकाणी टेकू दिलात, म्हणजे लांबीला चार-चार फुटांवर तीन आणि रुंदीला तीन-तीन फुटांवर तीन, तर एका जागी नव्वद किलोच्या आसपास भार येतो. एक भरभक्कम माणूस ब्लॉकवर उभा राहावा, इतकाच. मुरमाची जमीन हे हसत हसत पेलते.

वाऱ्याचा हिशेब मात्र उलटा आहे. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो होतो. तुमचं छप्पर साडेचार चौरस मीटरचं, म्हणजे वाईटात वाईट वेळी उचलणारा जोर पाचशे किलोच्या घरात जाऊ शकतो. रिकामी पत्र्याची शेड दोन-तीनशे किलोची. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, तेव्हा काय काय उडालं ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यामुळे ब्लॉकवर नुसती ठेवलेली शेड मुंबईत मला मान्य नाही. साइटवरही मी कुणाला तशी ठेवू देत नाही.

उपाय सोपा आहे. चार कोपऱ्यांत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्या आणि 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. एका खड्ड्यात सव्वादोनशे किलोच्या वर माल बसतो, चार मिळून नऊशे. काँक्रीट ओलं असतानाच प्रत्येकात गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) लोखंडी पट्टी उभी करा. खालचं टोक वाकवलेलं, वरचं ब्लॉकच्या कडेने वर येऊन शेडखालच्या फ्रेमला बोल्टने जोडायचं. आठवडाभर पाणी मारा, मगच पुढचं काम.

उरलेल्या पाच जागी काँक्रीट नको. वरची काळी माती आणि मुळं काढून टाका. मग पहार मारून बघा. तुमच्याकडे भरावाची जमीन असण्याची शक्यता मोठी, पहार भसकन आत गेली तर खाली राडारोडा नाहीतर पिशव्या निघणार. तो सगळा उपसा आणि मुरूम भरून धुम्मसने चोपा. एकदम फूटभर भरून वरून चोपलं की वरचा थर घट्ट होतो आणि खालचा तसाच पोकळ राहतो. चार-चार इंचांचे थर द्या, प्रत्येकावर थोडं पाणी शिंपडा. वर 20 एमएमची खडी आणि ग्रिट, म्हणजे बारीक खडी.

ब्लॉक सॉलिड घ्या, 16 बाय 8 बाय 6 इंचांचे. एक पंचवीस किलोच्या आसपास भरतो, उचलताना कंबर सांभाळा. शेजाऱ्यांकडे उरलेले सिपोरेक्स फुकट मिळतायत म्हणालात, ते नको. भिंतीला उत्तम, पण जमिनीला टेकले की पाणी पितात आणि कडा झडतात.

लेव्हलसाठी पारदर्शक नळी आणा, स्पिरिट लेव्हल आठ फुटांना पुरत नाही. नळीत पाणी भरताना आत बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरा आणि पाणी एकाच रेषेत येतंय ना ते आधी बघा. मग एक टोक पक्क्या ब्लॉकवर मदतनिसाच्या हातात, दुसरं तुमच्या. नेताना टोकं अंगठ्याने बंद ठेवा, नाहीतर पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. काटकोन गुण्याने बघाच, पण खात्री दोरीने करा. एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट, कर्ण बरोबर 5 आला पाहिजे.

उंची किती, ते तुमची कंपाउंडची भिंतच सांगेल. गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचा डाग शोधा आणि त्याच्या वर चार बोटं ठेवा. दोन ब्लॉक चढवावे लागले तर मधे मॉर्टर भरा, कोरडे रचू नका.

फ्रेम लाकडाची केलीत तर वाळवी दोन पावसाळ्यांत गाठेल, म्हणून मी बॉक्स पाइप, म्हणजे चौकोनी लोखंडी पाइप, सुचवेन. खाडी जवळ आहे, वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या रंगाचे) दोन हात द्या. फ्रेम आणि ब्लॉकच्या मधे डांबरी फेल्टचा तुकडा हवाच, ब्लॉकमधला ओलावा लोखंडाला लागत नाही.

आता घूस. शेडखालची अंधारी, कोरडी जागा म्हणजे तिला आयतं बिऱ्हाड. ती ब्लॉकखालची माती पोखरते, एक कोपरा बसतो, दरवाजा अडकू लागतो आणि लोक सुताराला बोलावतात! चारी बाजूंनी वेल्ड मेश लावा, फूटभर जमिनीत पुरून. जाळीच असू द्या, पत्रा नको, खालून हवा खेळली पाहिजे. खालची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा आणि वर 40 एमएमची खडी पसरा, पाणी साचून डास होणार नाहीत.

परवानगीचं विचारलंत. खणण्याआधी सोसायटीचं लेखी ना-हरकत घ्या आणि वॉर्ड ऑफिसात इमारत व कारखाने खात्यात विचारून या. नंतर कुणी तक्रार केली आणि महापालिका कायद्याच्या कलम 351 ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची, नोटीस आली, तर पाया किती चांगला घातलाय हे तिथे कुणी विचारत नाही.

काम मे महिन्यात उरकेल असं बघा. उरलेले पेव्हर ब्लॉक पायासाठी वापरू नका, दरवाजासमोर पायरी करायला ते चांगले.