गाळ कुठे जाणार, ते आधी

सप्रेम आशीर्वाद.

गोदीतला गाळ काढायच्या परवान्याच्या अर्जाचा मसुदा वाचला. किती घनमीटर गाळ काढायचा, कुठला ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) लावायचा, हे तू नीट मांडलं आहेस. पण काढलेल्या गाळाबद्दल एकच ओळ आहे: ‘समुद्रात विल्हेवाट’. परवाना देणारा अधिकारी नेमका तिथेच अडेल, आणि त्याने अडावंच.

समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्याबद्दलचा 1972 चा लंडन करार आणि 1996 चा लंडन प्रोटोकॉल हाताशी ठेव. प्रोटोकॉल 2006 पासून लागू आहे. समुद्रात टाकायला सरसकट बंदी, यादीतल्या मोजक्याच गोष्टींचा विचार, अशी त्याची रीत. गाळ त्या यादीत आहे, पण तेवढ्याने परवानगी मिळत नाही. भराव किंवा धूप झालेला किनारा भरून काढणं, असा दुसरा उपयोग शक्य आहे का, हे आधी तपासावं लागतं. परवान्यात गाळ कुठला, टाकायचा कुठे, कोणत्या पद्धतीने आणि देखरेख कशी, हे लिहिलेलं असतं. ही चारही उत्तरं अर्जातच दे.

आता नमुन्यांबद्दल. तळावरचा वरचा गाळ उचलून प्रयोगशाळेत धाडू नकोस. जहाजांच्या बुडाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन असे. त्यावरच्या बंदीचा करार 2001 चा, अंमल 2008 पासून. वर नवा, स्वच्छ गाळ बसला तरी जुन्या गोदीच्या खालच्या थरांत ते विष टिकून असू शकतं आणि खोदताना तेच वर येतं. म्हणून नळीने उभे नमुने घे, खोदाईच्या पूर्ण खोलीपर्यंत. पारा, कॅडमियम, शिसं आणि पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायनं) यांच्याबरोबर कणांचा आकारही मोजून घे, कारण ही द्रव्यं जाड वाळूपेक्षा बारीक चिखलाला जास्त धरून राहतात. नमुन्यांच्या खर्चात काटकसर करायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हण.

माशांच्या विणीच्या हंगामात काम बंद ठेवायची अट येऊ शकते, तेव्हा वेळापत्रक त्याप्रमाणे आख. हॉपरमधून, म्हणजे ड्रेजरवरच्या गाळ साठवायच्या टाकीतून, बाहेर पडणाऱ्या गढूळ पाण्यावरही मर्यादा येईल. अटींची प्रत ड्रेजरच्या कप्तानाकडे हवी, नुसती कार्यालयातल्या फायलीत नको. आणि तिथल्या मासेमारांना अर्ज करण्याआधी भेट. जाळी कुठे लागतात, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

नमुने घ्यायच्या जागा नकाशावर खुणा करून मला पाठव. ते पाहिल्याशिवाय अर्ज दाखल करू नकोस.