अन्नमदत : धान्य, रोख रक्कम आणि पोषण
(वाचकांचे प्रश्न)

अन्नसुरक्षेवरील गेल्या अंकातील लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : धान्याचे उत्पादन वाढत असल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. मग जगात एवढी माणसे उपाशी का राहतात?

उत्तर : धान्य असणे आणि ते एखाद्या घराला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालमधील १९४३ च्या दुष्काळाचा हिशेब मांडला. त्यांच्या आकड्यांनुसार त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्क्यांनी जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही. १९४३ मध्ये मात्र लाखो माणसे प्राणाला मुकली. पुरवठ्याच्या या आकड्यांवर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले, पण सर्वांत जास्त झळ कोणाला बसली याबद्दल फारसे दुमत नाही. युद्धकाळातल्या चलनवाढीत तांदळाचे भाव भडकले आणि ज्यांची मजुरी किंवा विक्री त्या वेगाने वाढली नाही ते शेतमजूर, मच्छीमार आणि गावोगावचे छोटे कारागीर बाजारातून अक्षरशः बाहेर फेकले गेले.

या विचाराचा परिणाम आंतरराष्ट्रीय धोरणावरही झाला. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेत अन्नसुरक्षा म्हणजे मुख्यतः पुरेसा पुरवठा आणि स्थिर भाव, असे मानले गेले होते. १९९६ मध्ये रोम येथे भरलेल्या शिखर परिषदेने मात्र ‘सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न शारीरिक व आर्थिक दृष्ट्या मिळवता येणे’ अशा आशयाची व्याख्या स्वीकारली. तिच्यातील ‘पोषक’ आणि ‘आर्थिक’ या दोन शब्दांनी प्रश्नाचा आकारच बदलला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते, तर सकस आहार ज्यांना परवडत नाही अशांची संख्या सुमारे २६० कोटी होती. या जवळजवळ चौपट फरकाची चर्चा व्हावी तेवढी होत नाही, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्याच्याशीच निगडित आहेत.

प्रश्न : गरीब कुटुंबांना स्वस्त धान्य मिळते, पोटही भरते. तरी त्यांच्या मुलांचे कुपोषण का हटत नाही?

उत्तर : कारण पोट भरण्याचा खर्च आणि पोषणाचा खर्च वेगवेगळा असतो. उष्मांक स्वस्त मिळतात. प्रथिने, लोह, जस्त आणि जीवनसत्त्वे महाग पडतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये एक गणित मांडले होते. ७७ खाद्यपदार्थांची यादी घेऊन, एका प्रौढ पुरुषाच्या ९ पोषक घटकांच्या गरजा कमीत कमी किती पैशांत भागतील, ते त्यांनी काढले. अमेरिकेतील १९३९ च्या भावांनी उत्तर आले वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. त्या आहारात होते फक्त गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याचे दाणे. असा आहार कोणीही कोणाला सुचवणार नाही, हे स्टिगलर यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. गरिबांच्या घरखर्चावर बोलताना कागदावरचा हा आहार आणि माणसे खरोखर जेवतात तो आहार यांतील अंतर लक्षात ठेवले पाहिजे. चव, सवय, इंधन, स्वयंपाकाला लागणारा वेळ आणि चार माणसांत वागण्याची रीत यांनाही किंमत असते, आणि ती किंमत गरीब माणूसही मोजतो.

चीनच्या हुनान प्रांतातील एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या संशोधकांनी शहरी गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्तात घेण्यासाठी कूपने दिली. भाव उतरला की खप वाढावा, ही आपली साधी अपेक्षा. तेथे उलट घडले : तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला, आणि सवलत संपून भाव पूर्ववत झाल्यावर पुन्हा जास्त खाऊ लागली. वाचलेल्या पैशांतून त्यांनी अधिक आवडीचे इतर पदार्थ घेतले होते. माणसाच्या दृष्टीने पाहिले तर यात काही चूक नाही. रोज तेच खाऊन कंटाळलेल्या माणसाने जिभेला थोडा आनंद दिला, एवढेच. परंतु एकाच धान्यावरील सवलतीने पोषण आपोआप सुधारेल हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही, आणि या प्रयोगात पोषणात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळालाही नाही.

याचा अर्थ स्वस्त धान्य बंद करावे असा मुळीच नाही. भाव चढतात किंवा रोजगार तुटतो तेव्हा हेच धान्य घर तारून नेते. मात्र भुकेपासून संरक्षण हे त्याचे काम आहे. लहान मुलाचे पोषण हे दुसरे काम असून त्यासाठी डाळी, दूध, अंडी, भाज्या, स्वच्छ पाणी, आईचे आरोग्य आणि वारंवार होणाऱ्या जुलाबांवर उपचार या सर्वांची गरज लागते. धान्याच्या योजनेकडून या दुसऱ्या कामाची अपेक्षा ठेवायची आणि ते झाले नाही म्हणून योजनेलाच निरुपयोगी ठरवायचे, हा अन्याय आहे.

प्रश्न : धान्य वाटण्यापेक्षा सरळ खात्यात पैसे जमा करावेत, असे काही जण म्हणतात, काही जण म्हणतात की पैसे व्यसनात उडतील. आपले मत काय?

उत्तर : व्यसनाची शंका आधी बाजूला ठेवू. वेगवेगळ्या खंडांतील अभ्यासांचे जे आढावे झाले आहेत, त्यांत रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे सर्वसाधारणपणे आढळलेले नाही. ही शंका पुराव्यापेक्षा गरिबांविषयीच्या अविश्वासातून येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढचा निवाडा मात्र परिस्थिती पाहूनच करावा लागतो. उत्तर इक्वाडोरमध्ये २०११ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने कोलंबियातून आलेल्या निर्वासितांना आणि स्थानिक गरीब कुटुंबांना तीन प्रकारे मदत दिली : काहींना धान्य व इतर जिन्नस, काहींना ठरावीक खाद्यपदार्थांसाठीच चालणारी कूपने, तर काहींना तेवढ्याच किमतीची रोख रक्कम. तिन्ही प्रकारांनी आहार सुधारला. उष्मांकांत सर्वाधिक वाढ जिन्नस मिळालेल्या घरांत दिसली, तर आहारातील विविधता कूपनांमुळे सर्वाधिक वाढली. पण जिन्नस पोहोचवण्याचा खर्च रोख रक्कम पोहोचवण्याच्या तिपटीहून अधिक होता. साठवण, वाहतूक, हमाली आणि वाटप या सर्वांना पैसा लागतो, आणि तेवढ्याच निधीतून आणखी काही घरांना मदत देता आली असती.

रोख मदतीच्या बाजूने झुकणाऱ्यांनी बाजारभावांचाही विचार करावा. मेक्सिकोमध्ये २००० नंतरच्या दशकात दक्षिणेकडील सुमारे २०० खेड्यांत एक तुलना झाली. काही गावांना दरमहा जिन्नसांची पेटी मिळाली, काहींना रोख रक्कम, काहींना काहीच नाही. जिन्नस आलेल्या गावांत त्या वस्तूंचे भाव उतरले. रोख मिळालेल्या गावांत तसे झाले नाही. दुर्गम गावांत हा फरक आणखी ठळक होता, आणि ते समजण्यासारखे आहे : जेथे दुकाने मोजकी आणि रस्ता खराब, तेथे लोकांच्या हाती पैसा आला तरी माल तेवढ्या वेगाने येत नाही. फिलिपाईन्समध्ये याची कठोर बाजू दिसली. ज्या दुर्गम गावांत बहुतेक कुटुंबे रोख मदतीची लाभार्थी होती, तेथे अंड्यांसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव वाढले, आणि ज्या घरांना मदत मिळत नव्हती त्या घरांतील लहान मुलांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण वाढले. एका घराला दिलेल्या मदतीची किंमत शेजारच्या बाळाने मोजली, ही गोष्ट कोणत्याही धोरणकर्त्याला अस्वस्थ करायला हवी.

म्हणून जेथे बाजार चालू आहे, दुकाने अनेक आहेत आणि माल नियमित येतो, तेथे मी रोख रक्कम किंवा कूपने पसंत करीन. जेथे बाजार कोलमडला आहे, रस्ते तुटले आहेत किंवा भाव आठवड्यागणिक बदलत आहेत, तेथे प्रत्यक्ष अन्नच द्यावे. रोख मदतीची रक्कम भाववाढीशी जोडलेली नसेल, तर वर्षागणिक तिची किंमत घटत जाते आणि कागदोपत्री योजना मात्र चालूच राहते. धान्याच्या ठरलेल्या किलोंना ही भीती नसते.

प्रश्न : फुकट धान्य आल्याने स्थानिक शेतकऱ्यांचे नुकसान होत नाही का?

उत्तर : होऊ शकते, विशेषतः काढणीच्या सुमारास बाहेरचे धान्य मोठ्या प्रमाणात बाजारात आले तर. अमेरिकेने १९५४ च्या कायद्याने आपले अतिरिक्त धान्य परदेशी पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा आक्षेप घेतला जात आहे आणि तो निराधार नाही. परंतु ग्रामीण गरिबांपैकी पुष्कळ जण जेवढे विकतात त्यापेक्षा जास्त विकत घेतात. इथिओपियातील गव्हाच्या एका अभ्यासात गरीब घरांत विकणाऱ्यांपेक्षा विकत घेणारी घरे अधिक आढळली, म्हणजे उतरलेल्या भावाचा त्यांना फायदाच होता. मदतीचे धान्य शक्यतो जवळच्या भागातच विकत घेतले, तर दोन्ही बाजूंचे हित साधते.

प्रश्न : आमचा गट गरजू कुटुंबांना दरमहा शिधा देतो. देणगीदार विचारतात, याने नेमके काय साधले? याशिवाय हा खर्च म्हणजे उत्पन्न न देणारे दान आहे, असेही काही जण सुनावतात. काय उत्तर द्यावे?

उत्तर : दुसरा आक्षेप आधी घेतो. पूर्व ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना प्रथिनयुक्त गरम पेज मिळे; उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले आणि कमी उष्मांकांचे गोड पेय. गावातल्या एका ठरलेल्या जागी यावे आणि हवे तेवढे प्यावे, अशी व्यवस्था होती. ही मुले मोठी झाल्यावर २००२ ते २००४ या काळात संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली होती, त्यांची तासाची मिळकत सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक आढळली. तीन वर्षांच्या वयानंतर सुरू झालेल्या पेजेने मिळकतीत असा फरक पडला नाही. स्त्रियांच्या मिळकतीतही फरक दिसला नाही. तरीही एका वाटीभर पेजेचा हिशेब तीस वर्षांनंतरच्या मजुरीत उतरला, हे देणगीदारांना जरूर सांगा.

आता काय साधले ते कसे मोजावे. किती पिशव्या वाटल्या हा तुमच्या श्रमाचा आकडा आहे, परिणामाचा नव्हे. शिधा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी करू नका, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा. अमेरिकेतील अन्नसाहाय्य योजनेतही महिन्यातून एकदा मदत मिळाल्यानंतर दिवस सरतील तसे कुटुंबांचे उष्मांक घटत गेल्याचे आढळले आहे. तुमच्याकडेही तसेच होत असेल, तर तोच शिधा दोन हप्त्यांत द्या. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाच्या आईला ‘काल दिवसभरात बाळाने काय काय खाल्ले’ एवढेच विचारा आणि आठ गटांवर खूण करा : आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, कडधान्ये व दाणे, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी फळे व गडद पालेभाज्या, इतर फळे-भाज्या. आठांपैकी किमान पाच गट असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि युनिसेफचा निकष आहे. आईला दोष दिल्यासारखे वाटेल अशा सुरात विचारू नका, नाहीतर उत्तरे खरी मिळणार नाहीत. तीन-चार महिन्यांच्या नोंदी हाती आल्या की कोणते गट सतत रिकामे राहतात ते दिसेल, आणि पुढच्या शिध्यातील धान्य थोडे कमी करून त्या गटांतील जे टिकाऊ असेल ते त्यात घाला.