बाग कोणाची, मैदान कोणाचे?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे कोल्हापूर शहराच्या मध्यभागातील बागा आणि मैदाने यांविषयीची आहेत. लिहिणाऱ्यांची वये आणि अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत राहतो. घरात सहा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे जपून चालणारे सासरे आहेत. आम्हा नवरा-बायकोला सुटी रविवारीच मिळते. सर्वांना घेऊन गावातल्याच बागेत जातो. पण मुलगा कंटाळतो, सासरे थोड्याच वेळात घरी चला म्हणतात आणि मुलगी रडत परत येते. आमचे काय चुकते?
— एक वाचक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : सुटीच्या एकुलत्या एका दिवशी सर्वांना घराबाहेर काढण्याचा आपला आग्रह मला मनापासून आवडला. अडचण एवढीच आहे की, तीन पिढ्यांच्या तीन गरजा आपण एका जागेकडून आणि एकाच वेळी भागवून घेऊ पाहत आहात. आपल्याकडे बोलण्यात बाग आणि मैदान हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात मात्र बाग ही सावलीची, बसण्याची आणि लहान मुलांनी घसरगुंडी-झोपाळ्यावर खेळण्याची जागा असते, तर मैदान हे धावण्याचे, चेंडूचे आणि आरडाओरड्याचे ठिकाण असते. बारा वर्षांच्या मुलाला बाकड्यावर बसवले तर तो कंटाळणारच, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मैदानाच्या कडेला उन्हात उभे केले तर तो घरी चला म्हणणारच.

प्रथम आबांचा, म्हणजे आपल्या सासऱ्यांचा, विचार करू. त्यांच्यासाठी टाऊन हॉलची बाग मला सर्वांत योग्य वाटते. शाहूपुरीपासून ती फार लांब नाही, जुन्या झाडांची दाट सावली आहे आणि थोडे चालून झाल्यावर बसायला जागा मिळते. सीपीआर रुग्णालय समोरच असल्यामुळे रुग्णांचे नातेवाईकही तेथे येऊन टेकतात. त्या बागेतील बाकड्यांनी या जिल्ह्यातील किती माणसांना कठीण दिवसांत घटकाभर विसावा दिला असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. बागेच्या मधोमध असलेली टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. चार्ल्स मँट या स्थापत्यकाराने आखलेल्या या इमारतीत आज वस्तुसंग्रहालय असून, ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या वस्तू, त्यांतही पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटीशी कांस्यमूर्ती, तेथे पाहता येतात. सोमवारी संग्रहालय बंद असते, पण आपली सुटी रविवारची असल्यामुळे आपल्याला त्याची अडचण नाही. आबांनी नातीला ती मूर्ती दाखवावी आणि समुद्रापलीकडचा हा देव पंचगंगेच्या काठी कसा आला असेल, याचा विचार तिला करू द्यावा. प्राचीन काळी या गावाचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता, हे त्या वितीएवढ्याही नसलेल्या मूर्तीवरून मुलांना जितके कळते, तितके पुस्तकाच्या धड्यावरून कळत नाही.

गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद करू नये, हे मात्र आबांना आवर्जून सांगावे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दीडशे मिनिटे हा आकडा मोठा वाटला तरी रोजची वीस-पंचवीस मिनिटे पुरतात आणि तीही एका दमात चालण्याची गरज नाही. सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे चालले तरी चालते. फरसबंदीपेक्षा मातीची सपाट वाट गुडघ्यांना बरी पडते. दुखणे जास्त असेल तर किती चालायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बागेतील ओपन जिमची साधने वापरताना वेग आपल्या हातात ठेवावा आणि सहा वर्षांच्या मुलीला त्या साधनांजवळ अजिबात जाऊ देऊ नये, कारण ती मोठ्या माणसांच्या मापाने बनवलेली असतात आणि त्यांच्या सांध्यांत लहान बोटे सहज अडकतात.

मुलगी रडत परत येते, त्याचे कारण बहुधा वेळेत आहे. दुपारच्या उन्हात पत्र्याची घसरगुंडी तापलेली असते, आणि आपला तळहात तिच्यावर टेकवून पाहिल्याशिवाय मुलाला वर चढवू नये. संध्याकाळी सहानंतर झोपाळ्यासमोर रांग लागते आणि मुलीची पाळी यायच्या आत घरी निघायची वेळ होते. रविवारी सकाळी सात-साडेसातला गेलात तर बहुतेक बागांत लहान मुलांची गर्दी नसते. आणखी एक विनंती करतो. तिला मोकळे सोडा. “इकडे ये, तिकडे नको, कपडे मळतील,” असे आपण सतत म्हणत राहिलो तर मुलाचा खेळ संपतो आणि आपले त्याच्यावरचे पहारे तेवढे उरतात. वाळूत खड्डा खणणे, झाडाच्या मुळांवरून तोल सांभाळत चालणे, पडलेल्या शेंगा गोळा करणे हे सगळे खेळच आहेत. उघड्यावरच्या उजेडाचा डोळ्यांनाही लाभ होतो. रोज बराच वेळ बाहेर घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याचे प्रमाण कमी असते, असे चीन, तैवान आणि सिंगापूर येथील अभ्यासांत आढळले आहे. झाडाच्या सावलीतही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट अधिक उजेड असतो, त्यामुळे यासाठी उन्हात उभे राहण्याची आवश्यकता नाही.

मुलाला मात्र बागेत नेऊच नका. त्याच्या वडिलांनी त्याला दोन-तीन मित्रांसह गांधी मैदानावर किंवा जवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर न्यावे आणि तासभर स्वतःही खेळावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चेंडू चार नंबरचा घ्यावा. पाच नंबरचा मोठ्यांचा असतो आणि तो त्यांच्या पायाला जड जातो. सर्वांनी एकत्र जायचेच असेल तर महिन्यातून एक संध्याकाळ रंकाळा तलावाला द्यावी. तेथे काठाने चालायला वाट आहे, पद्माराजे बागेत लहानांना खेळता येते आणि शेवटी काठावर बसून सर्वांना पाण्यावर मावळतीचा रंग पाहता येतो. इतर रविवारी घर दोन तुकड्यांत बाहेर पडले आणि जेवायला एकत्र आले, तर त्यात काहीच उणे नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. आम्ही सात-आठ मुले संध्याकाळी जवळच्या बागेत फुटबॉल खेळतो. बागेत फिरायला येणारे आजोबा आम्हाला ओरडतात आणि आता तेथे चेंडू खेळण्यास मनाई असल्याचा फलक लावला आहे. मुलांनी खेळायचे कोठे?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : तुझा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. ज्या गावात पेठेपेठेचे संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावे घरोघरी घेतली जातात आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला वडीलधारी माणसेसुद्धा घसा बसेपर्यंत ओरडतात, त्या गावातील मुलांना चेंडू घेऊन जायला जागा नसावी, याचे मला खरोखर दुःख वाटते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच आहे, हे तुला माहीत असेलच.

तरीही फलकाच्या बाबतीत मी आजोबांच्या बाजूने आहे. फुटबॉलचे पूर्ण मैदान नियमाप्रमाणे किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असते. तुम्ही आठ जण त्याच्या पाव भागात खेळलात तरी जोरात मारलेला चेंडू बागेच्या वाटेवर येणारच, आणि सत्तरीतला माणूस चेंडू चुकवताना पडला तर खुब्याचे हाड मोडू शकते. त्या वयात अशा दुखण्यातून सावरायला काही महिने लागतात, आणि काही जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. तू मुद्दाम कोणाला मारणार नाहीस हे मला पटते, पण चेंडूला ते कळत नाही.

मग उपाय काय? तुम्ही आठही जणांनी मिळून महापालिकेच्या नावे एक अर्ज लिहावा. परिसरातील कोणते मैदान किंवा कोणती मोकळी जागा आठवड्यातून ठरावीक दिवशी मुलांसाठी राखता येईल, हे त्यात नाव घेऊन सुचवावे, पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि अर्जाची पोच मागून घ्यावी. शाळेचे मैदान संध्याकाळी रिकामे असते. मुख्याध्यापकांना भेटून एक तासाची परवानगी मागावी आणि मैदान स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी लेखी घ्यावी. आणि ज्या आजोबांनी तुम्हाला ओरडले, त्यांचीही सही अर्जावर घ्यावी. त्यांनाही बाग शांत हवी आहे आणि तुम्हाला मैदान हवे आहे. तुम्हाला मैदान मिळाले तर त्यांचेही काम होते. बहुधा ते आनंदाने सही करतील, कारण या गावात लहानपणी पायाला चेंडू न लागलेला आजोबा सापडणे अवघड आहे.

तोपर्यंत बागेत चेंडूविना खेळता येतील असे खेळ आहेतच. लंगडी, साखळी, डबा ऐसपैस हे खेळ आठ जणांत छान रंगतात, आणि तासभर लंगडी घातलेल्या मुलाच्या पायात फुटबॉलसाठी लागणारी ताकदही येते.

प्रश्न : पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि बागेत शेवाळ असते. चार महिने काय करावे?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आपल्या पेठेतील गांधी मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ नावाचा तलाव होता, त्यामुळे पाणी तेथे आपल्या जुन्या घराकडे यावे तसे येते. तलाव बुजवून गाव वाढले. कपिलतीर्थाची तर मंडईच झाली. साचलेल्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नये, कारण त्यात काच, खिळे आणि गटाराचे पाणी असू शकते. पावसाची उघडीप मिळाली की रस्त्याच्या कडेने किंवा घराच्या गच्चीवर चालावे, आणि जवळची तालीम मुलांसाठी उघडी असेल तर त्यांना जोर-बैठकांना पाठवावे. खासबागेत १९१२ पासून कुस्तीचे मैदान असलेल्या गावात हा सल्ला परका वाटू नये. शेवाळलेल्या फरशीवर ज्येष्ठांनी चालणे मात्र पूर्ण टाळावे.

प्रश्न : मी लक्ष्मीपुरीत एका दुकानात काम करते. दुपारी तासभर सुटी असते. दुकानात बसून डबा खाल्ला की डोके जड होते, म्हणून बागेत जाऊन बसावेसे वाटते. पण एकटी बाई बागेत बसली की लोक पाहतात, आणि घरी कळले तर “बागेत एकटी काय करतेस?” असे विचारतात. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : आपण बागेत जाऊन बसावे. बसण्यासाठी आणखी कोणतेही कारण देण्याची गरज नाही. बागेत आलेल्या पुरुषाला आपण कधी विचारत नाही की, तुम्ही येथे कशाला आलात. तो वर्तमानपत्र वाचतो, पेंगतो किंवा नुसता बसून राहतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. आठ-दहा तास उभ्याने काम करणाऱ्या बाईने झाडाखाली तासभर पाय मोकळे केले तर तिला त्याचा खुलासा द्यावा लागावा, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि तसे मी येथे स्पष्ट लिहितो.

तरीही आपल्या मनातील संकोच खरा आहे आणि तो केवळ युक्तिवादाने जाणार नाही. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिले काही दिवस दुकानातील किंवा शेजारच्या दुकानातील एखाद्या मैत्रिणीला सोबत न्यावे. नेहमी एकाच वेळी जावे आणि शक्यतो फाटकाजवळच्या, वाटेला लागून असलेल्या बाकड्यावर बसावे; रोज दिसणाऱ्या माणसाकडे लोक काही दिवसांनी वळून पाहत नाहीत, आणि माळीकाका व रखवालदार ओळखीचे झाले की तीच मोठी सोबत होते. टाऊन हॉलच्या बागेत दिवसभर माणसांची वर्दळ असते, त्यामुळे तेथे आपल्याला एकटेपणा कमी जाणवेल. कोणी मुद्दाम त्रास दिला तर संकोच न करता मोठ्याने बोलावे आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा.

घरच्यांना मात्र हे लपवून ठेवू नये. एखाद्या रविवारी सासूबाईंना किंवा आईंना त्याच बाकड्यावर घेऊन जावे, सोबत घरचा डबा न्यावा आणि तेथेच बसून दोघींनी जेवावे. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की त्यांच्या मनातील पुष्कळशी शंका आपोआप कमी होईल.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण असे प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या मनात ती असते. बागेत स्त्रियांसाठी स्वच्छ आणि उघडे स्वच्छतागृह नसेल तर कोणतीही बाई तेथे तासभर थांबू शकत नाही; ती पाणी कमी पिते, घाईने उठते आणि पुढच्या वेळी येत नाही. आपण ज्या बागेत जाल तेथील स्वच्छतागृहाला कुलूप असेल किंवा पाणी नसेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीत दिवस व वेळ लिहावी आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. लक्ष्मीपुरीतील दुकानांत काम करणाऱ्या पाच-सहा जणींनी एकाच अर्जावर सह्या केल्या तर त्या कागदाला वजन येईल. त्या जणी शोधण्यासाठी आपल्याला लांब जावे लागणार नाही, त्याही याच वेळी दुकानात बसून डबा खात असतील.